मोडीच्या ‘अ’चा नंबर ७१,१६८

कसबा बावड्यात माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. अर्ज, लग्नपत्रिका, पिकविम्याचे फॉर्म ही रोजची कामं. आमच्या आप्पांची, म्हणजे आजोबांची, एक पत्र्याची ट्रंक घरात होती. तिच्यात तांबड्या फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. सगळा मोडीत. आप्पा असेपर्यंत आम्ही कुणी ती लिपी शिकलो नाही. ते गेल्यावर फडकं सोडलं, तर स्वतःच्याच घराचे कागद आम्हाला वाचता येत नव्हते. त्या दिवशी जे वाटलं ते अजून तसंच आठवतं. चाळिशीत मोडीच्या वर्गाला जाऊन बसलो आणि आज बारा वर्षांवर झाली, आपले आणि इतरांचे मोडी कागद कॉम्प्युटरवर उतरवतो आहे. या कामात जे हाताला लागलं ते इथं मांडतो.

१. फॉन्ट म्हणजे लिपी नव्हे.

सुरुवातीची तीन वर्षं मी मोडी एका जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केली. त्या फॉन्टची तऱ्हा अशी, की आत अक्षर इंग्रजीच असायचं, फक्त त्याला मोडीचा अंगरखा घातलेला. मी कळ दाबायचो, पडद्यावर मोडी ‘क’ दिसायचा, पण फाइलमध्ये इंग्रजीतलंच एखादं अक्षर साठवलं जायचं. एकशे चाळीस पानं झाली. मग कॉम्प्युटर बदलला, फॉन्टची फाइल हरवली आणि त्या एकशे चाळीस पानांवर राहिली इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. मोडी कुठंच नाही. खरं तर ती कधी नव्हतीच.

तेव्हा मी युनिकोड म्हणजे काय ते मुळापासून समजून घेतलं. कॉम्प्युटरला आकार कळत नाही, नंबर कळतो. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला नंबर द्यायचा, हे युनिकोडचं काम. आपल्या देवनागरीला तो १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत मिळाला. देवनागरी ‘अ’ म्हणजे २,३०९. मोडीला मात्र २०१४ पर्यंत थांबावं लागलं. अंशुमन पांडे या अभ्यासकाने मोडीचा रीतसर प्रस्ताव लिहिला. जुने कागद, छापील तक्ते, अक्षरांचे नमुने जोडून प्रत्येक चिन्ह का हवं ते मांडलं. जून २०१४ मध्ये युनिकोडची सातवी आवृत्ती आली, तिच्यात मोडीची ७९ चिन्हं दाखल झाली. मोडी ‘अ’चा नंबर ७१,१६८. ‘क’चा ७१,१८२.

हा नंबर पहिल्यांदा टाइप केला तेव्हा माझ्या मशीनवर मोडी फॉन्ट नव्हता, त्यामुळे नुसता रिकामा चौकोन आला. पण त्या चौकोनाच्या आत ७१,१६८ सुखरूप होता. पुढं नोटो सान्स मोडी हा फुकट मिळणारा फॉन्ट बसवला आणि त्याच फाइलमधले तेच चौकोन ‘अ’ झाले. जुन्या फाइलीत उलटं झालं होतं. तिथं आकार होता, आत अक्षर नव्हतं. आजही कुणी हौसेनं मोडीत पत्रिका करून मागितली, तर मी आधी विचारतो की मजकूर पुढं जपून ठेवायचाय का. ठेवायचा असेल तर युनिकोडशिवाय करत नाही, वेळ लागला तरी.

२. लिहिणारं कुणी उरलं नाही, तरी लिपीला जागा मिळते.

मोडीला नंबर मिळाला हे सांगितल्यावर एका शिकलेल्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘मेलेल्या लिपीला नंबर देऊन काय उपयोग?’ मी त्यांना बाणाकृती लिपीची गोष्ट सांगितली. आजच्या इराकच्या भूमीत, पाच हजार वर्षांपूर्वी, ओल्या मातीच्या विटकुरांवर बोरूच्या टोकानं दाबून लिहायचे ती लिपी. सुमेरी, अक्कादी आणि आणखी कितीतरी भाषा तिच्यात लिहिल्या गेल्या. दोन हजार वर्षं झाली, ती लिहिणारं जगात कुणी नाही. तरी २००६ मध्ये युनिकोडच्या पाचव्या आवृत्तीत तिची ९८२ चिन्हं आली. चिन्हं सुटली होती म्हणून २०१४ मध्ये आणखी घातली, मोडी आली त्याच आवृत्तीत. पुढच्या वर्षी सुरुवातीच्या काळातल्या आणखी १९६ चिन्हांची भर पडली. त्या लिपीतल्या पहिल्या चिन्हाचा नंबर ७३,७२८. मोडी ‘अ’पासून फक्त २,५६० घरं पुढं. एकाच आळीत राहतात म्हणा.

आणि आपला तिचा संबंध इतकाच नाही. ही लिपी उलगडणाऱ्यांमध्ये हेन्री रॉलिन्सन हे मोठं नाव. हा माणूस १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या लष्करात दाखल झाला आणि सहा वर्षं इकडं काढून १८३३ मध्ये इराणला गेला. तिथं बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूचा तीन भाषांत, बाणाकृती अक्षरांत कोरलेला लेख आहे. तो त्यानं जीव धोक्यात घालून उतरवून घेतला. रॉलिन्सन इथं होता तेव्हा आपल्या गावागावांत कुलकर्णी मोडीत दप्तर लिहीत होते.

मोडीचे कागद तर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या आपल्याच माणसांचे आहेत. त्यातल्या जमिनी आजही नांगरल्या जातात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली, कारण जुन्या नोंदी मोडीत होत्या. उपयोगाचा प्रश्न मला त्यानंतर कुणी विचारला नाही.

३. वळण बदललं म्हणून अक्षर बदलत नाही.

शिवकाळातली मोडी वेगळी, पेशवाईतली वेगळी, इंग्रजी अमलातली आणखी वेगळी. पेशवाईतलं अक्षर टपोरं, गोल, एकमेकांत न घुसणारं. इंग्रजी काळात टाक आणि निब आले, घाई आली, अक्षर बारीक आणि पळतं झालं. मला वाटायचं, प्रत्येक काळाच्या ‘क’ला वेगळा नंबर हवा. बाणाकृती लिपीच्या तज्ज्ञांपुढं हाच पेच होता आणि तिथं काळ होता तीन हजार वर्षांचा. त्यांनी ठरवलं की चिन्ह तेच असेल तर नंबर एकच. हम्मुराबी राजाच्या काळचं रूप आणि अश्शूरच्या राजांच्या काळचं रूप हा फॉन्टचा प्रश्न. मोडीतही तेच झालं आणि तेच बरोबर झालं. वळण दाखवायचं तर कागदाचा फोटो शेजारी ठेवावा.

४. कागदावर नाही ते आपण भरू नये.

ही चूक मी सगळ्यांत जास्त काळ केली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. वेलांटी एकाच तऱ्हेची, उकार एकाच तऱ्हेचा. बोरू उचलायचा नाही, लिहीत सुटायचं, तिथं पहिली-दुसरी वेलांटी कोण बघतो. युनिकोडमध्ये मात्र मोडीच्याही दोन्ही वेलांट्यांना आणि दोन्ही उकारांना वेगवेगळे नंबर आहेत. मी काय करायचो, तर ‘विहीर’ टाइप करताना शाळेत शिकलेल्या शुद्धलेखनाप्रमाणे पहिली ‘वि’ ऱ्हस्व, दुसरी ‘ही’ दीर्घ. वाचायला छान. पण कागदावर दोन्ही वेलांट्या एकसारख्या होत्या. मी लिहिणाऱ्याच्या तोंडी माझं व्याकरण घातलं होतं. उद्या कुणी त्या फाइलवरून अभ्यास केला, की अमक्या कारकुनाला ऱ्हस्व-दीर्घ कळत होतं, तर तो खोटा अभ्यास होईल आणि त्याचं मूळ माझ्या दुकानात असेल.

जागा सोडण्याचंही तसंच. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात. शब्दाशब्दांत जागा नसते, पूर्णविराम नसतो. एका कागदात ओळ होती : ‘पाटलाचेशेतकरीतआले’. वर्गातली एक मुलगी ‘शेतकरी’वर थांबली आणि पुढच्या ‘त आले’चं काय करायचं ते तिला कळेना. ‘पाटलाचे शेत करीत आले’ हे सुचायला तिला पाच मिनिटं लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. जिथं तोडाल तिथं अर्थ फिरतो आणि ते तोडणं वाचणाऱ्याचं असतं, लिहिणाऱ्याचं नसतं.

म्हणून आता प्रत्येक पानाचे दोन मजकूर करतो. पहिला मोडी युनिकोडमध्ये, जसाच्या तसा. वेलांटी एकच, जागा नाही, ओळ जिथं मोडली तिथंच मोडलेली. दुसरा बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, शब्द तोडून, आजच्या शुद्धलेखनात. पहिला कागदाचा, दुसरा माझा. काम दुप्पट होतं, पण दोन्ही एकत्र कालवायची हिंमत आता होत नाही.

५. उभ्या रेघेला तीन कामं असतात.

पंचगंगेकाठच्या एका गावचे मामा आजोबांच्या काळातला साऱ्याचा हिशोब घेऊन आले होते. मी दोन दिवसांत बाळबोधीत उतरवून, प्रिंट काढून दिला. त्यांनी चष्मा लावून बोटानं ओळ न् ओळ बघितली. एका आकड्यावर बोट थांबलं.

‘दादा, हितं बारा लिवलंय. आमचं साडेबारा व्हतं न्हवं?’

मूळ कागदावर होतं ‘१२॥’. जुन्या हिशोबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आडव्या रेघांनी आणे. पाच रुपये दहा आणे लिहायचे तर ५॥=, म्हणजे पाच, त्यावर आठ आणे, त्यावर दोन. मी ती खूण वाचली होती बरोबर, पण टाइप करताना देवनागरीतला दुहेरी दंड वापरला, तोच जो आरतीच्या कडव्याच्या शेवटी येतो. नंतर फाइल साफ करताना ओळीच्या शेवटचे सगळे दंड एकदम काढले, त्यात त्यांचे आठ आणे गेले.

त्याच कागदात ‘ता॥’ होतं आणि ‘रा॥’ होतं. तिथं त्याच दोन रेघा शब्दाचं लघुरूप सांगतात, ‘ता॥’ म्हणजे तालुके किंवा तागायत, संदर्भ बघून ठरवायचं. ‘रा॥’ म्हणजे राजश्री. एक आकार, तीन अर्थ. डोळ्याला संदर्भावरून कळतं. कॉम्प्युटरला आपण सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

शोध घेतला तर युनिकोडमध्ये सगळ्याची सोय निघाली. पाव, अर्धा, पाऊण, एक आणा, दोन आणे, तीन आणे, रुपयाची खूण अशी हिशोबाची दहा चिन्हं २००९ मध्येच वेगळी घातलेली आहेत, कारण ती एकट्या मोडीत नाही तर उत्तरेच्या कितीतरी लिप्यांत चालत होती. मोडीचा दंड वेगळा, दुहेरी दंड वेगळा, लघुरूपाची खूण वेगळी. बाणाकृती लिपीतही आकड्यांना आणि विरामांना स्वतंत्र विभाग दिला आहे. मातीच्या त्या विटकुरांवर धान्याचे, मेंढरांचे, मजुरीचे हिशोबच ढिगानं आहेत, आकड्यांना हलकं लेखून चाललंच नसतं.

मामांचा कागद मी पुन्हा पहिल्यापासून उतरवला, पैसे घेतले नाहीत. आता हिशोबाचं पान आलं की आधी सगळ्या उभ्या रेघा पेन्सिलीनं झेरॉक्सवर तीन खुणांनी वेगळ्या करतो, मगच कळफलकाला हात लावतो. शेतकऱ्याचे आठ आणे हे शंभर वर्षांपूर्वी फार मोठे पैसे होते.

६. साठवलेलं उघडून बघावं.

युनिकोडची पहिली कल्पना ६५,५३६ अक्षरांत सगळं जग बसवायची होती. ते पुरलं नाही. मोडी आणि बाणाकृती दोन्ही त्या मर्यादेच्या पलीकडं बसवल्या आहेत. देवनागरीचं एक अक्षर साठवायला सर्वसाधारण पद्धतीत तीन बाइट लागतात, मोडीचं चार. मी ज्या डेटाबेसमध्ये कागदांची यादी ठेवली होती त्याच्या जुन्या मांडणीत तीन बाइटांपर्यंतचीच अक्षरं मावत होती. पहिलं मोडी अक्षर आलं की पुढचा सगळा मजकूर तो गुपचूप टाकून द्यायचा. बाळबोधीचा रकाना व्यवस्थित दिसत होता, त्यामुळे दोन महिने लक्षात आलं नाही. एक संध्याकाळ मोडीचा रकाना उघडला तर सगळा रिकामा. मांडणी बदलून चार बाइटांची केली, चाचणीला एकच ‘अ’ टाकून दुकान बंद केलं आणि सकाळी उघडून पाहिलं. होता.

७. दोघांनी वेगळं वाचावं, मग ताडून बघावं.

बाणाकृती लिपी खरंच वाचता येते की विद्वान मनाचं सांगतात, अशी शंका लोकांना होती. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनं अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याच्या एकाच लेखाची भाषांतरं रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपर्ट या चौघांकडून बंद पाकिटांत घेतली. एकानं काय लिहिलं ते दुसऱ्याला माहीत नाही. पाकिटं फोडल्यावर मुख्य मजकूर जुळला आणि शंका मिटली.

हे वाचल्यावर मी आमच्या वर्गातल्या एका बाईंशी तसंच ठरवलं. त्या निवृत्त शिक्षिका, वाचन माझ्यापेक्षा चांगलं. एकाच पानाचा फोटो दोघांकडं, आठवडाभर त्याबद्दल बोलायचं नाही, रविवारी माझ्या दुकानात समोरासमोर. पहिल्याच पानावर अकरा ठिकाणी फरक निघाला. चार ठिकाणी त्या चुकल्या, पाच ठिकाणी मी आणि दोन ठिकाणी अजून आमचं एकमत नाही. एकट्यानं वाचताना मला ती अकराही ठिकाणं स्वच्छ लागली होती, हे महत्त्वाचं. अक्षर लागलं असं वाटणं आणि लागणं यांत फरक आहे, तो दुसऱ्या माणसाशिवाय दिसत नाही.

आता मशीनही मोडी वाचायला शिकतंय. २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीनं मोडी पानांच्या दोन हजारांवर प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर यांवर शिकवलेली प्रणाली पुढं आणली. मला त्याचा आनंद आहे. आपल्या दप्तरखान्यांतले रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, माणसांनी सोडवायचे म्हटले तर पिढ्या जातील. पण मशीन शिकतं ते आपण दिलेल्या पानांवरून. त्या पानांत माझ्या ‘१२॥’चा ‘१२’ झालेला असेल, तर मशीन तेच शिकेल आणि हजार कागदांवर तेच करेल. म्हणून रविवार अजून चुकवत नाही.

८. अक्षर लागलं तरी तारीख लागत नाही.

एका पत्रात मी वाचलं ‘समान सितैन मया व अलफ’. ‘समान’ म्हटल्यावर मी सरळ मराठी ‘समान’ धरलं आणि पुढच्या तीन शब्दांपाशी अडकलो. ते सगळे अरबी आकडे. समान आठ, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन या जुन्या कागदांतल्या कालगणनेचं ११६८ वं साल. त्यात ५९९ मिळवले की १७६७. पण हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. कागद पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर १७६७, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६०० मिळवून १७६८. कोणत्याही कॉम्प्युटरच्या आधी या अरबी आकड्यांचा तक्ता पाठ हवा. माझ्या दुकानात भिंतीवर लावलाय.

९. पाण्याची वाट बघू नये.

पंचगंगेची पातळी मोजतात ती आमच्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे बावड्यातल्या पोराटोरांना पाठ. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीकडच्या एका घरात खालच्या खोलीत कपाट होतं, त्यात मोडी कागदांचे दोन गठ्ठे. ते उतरवायला द्या म्हणून मी त्या घरच्या तात्यांच्या मागं वर्षभर लागलो होतो आणि ते म्हणायचे, ‘सुगी झाली की देतो.’ त्यांचं चुकत नव्हतं, घरचा कागद परक्याच्या हाती द्यायला मन होत नाही. पूर येण्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी एक गठ्ठा दिला. मी फोटो काढून परत केला होता. दुसरा राहिला.

पाणी ओसरल्यावर तात्यांनी दोन्ही गठ्ठे आणून माझ्या टेबलावर ठेवले. कागद एकमेकांना चिकटून वीट झाली होती. गढूळ वास. ओले असताना सोडवायचा प्रयत्न केला असता तर फाटले असते, म्हणून तसेच सावलीत, पंख्याखाली, खाली-वर वर्तमानपत्राचे थर घालून आठ दिवस वाळवले. पहिल्या गठ्ठ्यातली शाई बऱ्याच ठिकाणी पसरली होती, पण माझ्याकडं फोटो होते, त्यातला प्रत्येक शब्द आता नंबरांत उतरला आहे. दुसऱ्यातून जे वाचता आलं ते अर्ध्याहून कमी.

त्या दुसऱ्या गठ्ठ्यासाठी मी बाणाकृती लिपीच्या अभ्यासकांची रीत उचलली. फुटलेल्या विटकुरेवर जे गेलं आणि जे आपण अंदाजानं भरलं ते चौकटी कंसात ठेवतात. चिन्ह आहे पण लागत नाही, तिथं एक ठरलेली खूण टाकतात. मोडी फाइलीत मी तसंच करतो. एक वाटणीपत्र आहे, दोन भावांचं. चतुःसीमा सांगताना पूर्वेस ओढा, दक्षिणेस पाणंद, पश्चिमेस चुलत्यांचा बांध आणि उत्तरेस, तिथंच घडी होती आणि घडीतून पाणी गेलं. एक शिरोरेघ दिसते, तिच्याखाली दोन वेलांट्यांच्या शेपट्या, बाकी डाग.

मोडी जाणणारं कुणी दुकानात आलं की मी त्या जागेचा फोटो मोठा करून दाखवतो. गेल्या महिन्यात एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या, लहानपणी वडिलांकडून मोडी शिकलेल्या. त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘विहीर असंल बघा. दोन येलांट्या हाईत.’ मी कंसात ‘विहीर’ लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह घातलं आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख टाकली.